जीपमध्ये किती बसले?

सोम. ५ जाने. २००९

जव्हार स्टँडवर जीपमध्ये बसून बसून माझं अर्धं आयुष्य चाललंय. आज चिडून घड्याळ लावलं. बसल्यापासून गाडी हलेपर्यंत सव्वा तास! त्यात मी काय केलं, तर समोरच्या टपरीवर भज्यांचे घाणे उतरताना बघितले.

युनूसचाचांची दाभोशाची जीप भरल्याशिवाय सुटत नाही, हे काय मला आज कळलंय? इतकी वर्षं याच जीपनं शाळेत जातेय. बारा माणसं झाली की चाचा विडी विझवणार, कपाळाला हात लावणार, मग चावी. एस.टी. आहे ती दुपारची, शाळा सुटायच्या बेताला पोचवते. म्हणजे जीपशिवाय गत्यंतर नाही.

कालच्या रविवारच्या पुरवणीत लेख आलाय. इंटरनेटवरच्या फुकट सोयी वापरून दिवसातला वेळ कसा वाचवावा. कामांची यादी, कॅलेंडर, आठवण करून देणारे मेसेज, फुकटचं ऑफिस सॉफ्टवेअर. कापून ठेवला. यांना वाचून दाखवला तर म्हणे, “आधी टीव्ही बंद कर. दोन तास आत्ताच वाचतील, तेही फुकट.” प्रकल्प कार्यालयात फायलींवर चहाच्या कपांचे गोल उमटवणाऱ्या माणसानं मला वेळ शिकवावा!

बुध. ७ जाने.

शाळेतून आल्यावर यास्मिनच्या कॉम्प्युटर सेंटरात गेले. यास्मिन म्हणजे युनूसचाचांची धाकटी. चाचांच्या जुन्या टायरच्या दुकानात तीन कॉम्प्युटर मांडून बसलीय, अगदी जीपच्या समोर. बी.कॉम. झालीय. जीभ तिखट. म्हणाली, “मॅडम, यातलं सगळं फुकट आहे. फक्त माझा तास फुकट नाही.”

तासाभरात कामांची यादी केली. एक काम झालं की त्यावर काट मारायची, काय बरं वाटतं! पहिलं काम “यादी करणे” असं लिहिलं आणि लगेच काट मारली. यास्मिन हसत सुटली.

खरं काम मात्र एकच आहे. कार्डं. पहिलीची पोरं वर्गात मुक्यासारखी बसतात. घरी वारली बोलतात, पुस्तकातली मराठी त्यांना परक्या घरासारखी. एका कार्डावर चित्र, खाली पुस्तकातला शब्द, त्याखाली त्यांच्या घरचा शब्द. किती दिवस मनात आहे. आता मराठी टायपिंगचा प्रोग्रामसुद्धा फुकट उतरवून घेता येतो म्हणे. नुसता वेळ हवा.

शुक्र. ९ जाने.

जीपमध्ये काशीबायशेजारी जागा मिळाली. ही दाभोशाच्या पुढच्या पाड्यावरची. चाचांच्या पहाटेच्या फेरीनं भाजी घेऊन जव्हारला येते, ठरलेल्या घरी देते, आणि रिकामी टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी परतीच्या जीपमध्ये येऊन बसते. नवऱ्याची एक बाजू गेलीय, अंथरुणातच असतो. मुलगा नि सून वीटभट्टीवर, भिवंडीकडे. घरी पोचून नवऱ्याला पेज भरवायची असते, म्हणून तिची घाई. पण घाई तोंडावर दिसत नाही. माझी दिसते.

पिशवीतलं पहिलीचं पुस्तक तिनंच ओढून घेतलं आणि चित्रं बघत बसली. खेकड्यावर बोट ठेवलं. “ह्या काय लिवलाय?”

“खेकडा.”

“मुठा म्हण. पोर लगेच बोलल.”

मग सुपाला काय, कणगीला काय, वाऱ्याला काय, एकेक विचारत गेले. ती सांगत गेली, मागे बसलेल्या दोघी मधेमधे भांडत होत्या की आमच्याकडे असं नाही म्हणत. हातावरच लिहून घेतलं. काशीबाय सगळ्यांना अरे-तुरे करते, उद्या कलेक्टर शेजारी बसला तरी त्याला “सरक रे” म्हणेल. त्यांच्या बोलीत ते तसंच आहे. सुरुवातीला मला टोचायचं, आता कुणी “आपण” म्हटलं तर टोचतं.

गाडी कधी सुटली कळलंच नाही. तरी उशीर झालाच. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोम. १२ जाने.

सुचलं! सुचलं म्हणजे लेखातच होतं, पण जीपला लावायचं मला सुचलं.

इंटरनेटवर एक ग्रुप करायचा. त्यात सगळ्यांचे मोबाइल नंबर. कॉम्प्युटरवरून एक मेसेज टाकला की सगळ्यांना एकदम जातो, फुकट. यास्मिनच्या खिडकीतून जीप दिसतेच. तिनं नुसतं मोजून टाकायचं, चार बसले, आठ बाकी. ज्यानं त्यानं आपापलं काम करत राहायचं, भरत आली की यायचं. उगाच बसून राहणं बंद.

चाचा बॉनेट उघडून आत वाकलेले. ऐकून घेतलं. “टीचरबाई, पैसा लागणार का?”

“नाही.”

“मग करा. उद्या मागतील तेव्हा उद्याचं उद्या बघू.”

यास्मिन म्हणाली, “आणि मी दिवसभर माणसं मोजत बसू?” म्हणाली खरी, पण तिचे डोळे चमकत होते. जीपमध्येच पाच-सहा जणांचे नंबर घेतले. सिस्टर (आरोग्य उपकेंद्राची), ग्रामसेवक भाऊसाहेब, आमच्या शाळेचे पवार गुरुजी. काशीबायला विचारलं, तुझा नंबर? तिनं टोपली उलटी करून दाखवली आणि हसली.

शुक्र. १६ जाने.

चालतंय! काय सांगू, चालतंय!

सकाळी भाकऱ्या झाल्या, कपडे वाळत घातले, यांचा डबा, माझा डबा, वर दोन घोट चहा बसून. बसून! मोबाइल वाजला. इंग्रजी अक्षरांत मराठी, आठ बसले, चार बाकी. पदर खोचला आणि निघाले. पोचले तर अकरावी मी. लगेच बारावी सिस्टर पळत आली, गाडी सुटली. सिस्टरनं सगळ्यांदेखत मला शाबासकी दिली. तिळगूळ पिशवीत होता, जीपभर वाटला. गोड बोला, वेळेवर चला.

काशीबायच्या हातावर ठेवला तर म्हणाली, “आज तू उशिरा आलीस.”

म्हटलं, “अगं उशिरा नाही, वेळेवर आले.”

तिला पटलेलं दिसलं नाही.

मंगळ. २० जाने.

अर्धं स्टँड ग्रुपात. ग्रुपचं कळलं की अनोळखी माणूससुद्धा “बाई, माझा पण नंबर टाका ना” म्हणतो. पवार गुरुजी तर म्हणाले, “तुम्ही जव्हारचं कल्याण केलंत.” यांनाही घरी मान्य करावं लागलं. मान्य म्हणजे, “बरंय,” एवढंच. यांच्या तोंडून तेवढं म्हणजे सत्कारच.

रोज वाचलेला वेळ यास्मिनकडे. टायपिंगला हात बसलाय. चित्रं लावून, चौकटी आखून कार्डं छान दिसतात. तिसऱ्या ओळीत त्यांच्या घरचा शब्द. ती ओळ पहिल्या बारा-पंधरा कार्डांवर भरलेली, पुढे सगळी कोरी.

शब्द संपले. हातावर होते तेवढे टाकले. नवे कुठून आणू? काशीबायला विचारायचं तर भेटते कुठे? मी शेवटी चढते, ती पुढे, मी मागच्या फळकुटावर दाटीत. रस्त्यात इंजिनाचा आवाज.

हे आज लक्षात आलं. यास्मिनला सांगितलं नाही.

गुरु. २२ जाने.

आज हद्द झाली.

नऊ वाजून गेले, मेसेज एकच. दोन बसले. पुढे सामसूम. म्हटलं नेटवर्क गेलं असेल, जाऊन बघते. जाऊन काय बघते, तर जीपमध्ये काशीबाय आणि एक म्हातारा, आणि समोरच्या टपरीवर जीपभर माणसं! सिस्टर चहा पितेय. भाऊसाहेब शेजारी सलूनच्या बाकावर पेपर वाचतायत. पवार गुरुजी पानवाल्याकडे. दोन-तीन पोरं मोटारसायकलीला टेकून. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, प्रत्येकाचा डोळा जीपवर. सगळे वाट बघतायत आठ कधी बसतात त्याची!

सिस्टरला म्हटलं, “अहो, बसा ना जाऊन.”

“भरली की बसते की. मेसेज कुठे आलाय?”

म्हटलं, “तुम्ही सगळे इथे उभे, मेसेज काय आभाळातून येणार?”

भाऊसाहेब पेपरमागून म्हणाले, “मॅडम, तुम्ही बसा आधी. तुमचीच आयडिया.”

आणि मी? मी यास्मिनच्या दुकानात गेले, पंख्याखाली, कार्डं करायला. खरं सांगते, बसले नाही. पहिलं बसायचं जिवावर आलं, इतकी सवय झाली आठवडाभरात.

गाडी सुटली तेव्हा अकरा वाजत आले होते. पूर्वीच्या सव्वा तासाला मी नावं ठेवत होते.

रवि. २५ जाने.

उपाय काढला. ऑनलाइन तक्ता. लेखात होता, दोघं-चौघं मिळून एकच तक्ता भरू शकतात, फुकट. उद्या झेंडावंदन, म्हणून मंगळवारच्या जीपच्या बारा जागा आखल्या. ज्याला यायचंय त्यानं यास्मिनला मेसेज करायचा, ती नाव टाकणार, नाव पडलं की माणूस साडेआठ-पावणेनऊला हजर. नियम म्हणजे नियम.

हे म्हणाले, “रेल्वेचं रिझर्वेशन काढलंस की गं.” बोलू दे.

मंगळ. २७ जाने.

रिझर्वेशन! कपाळ माझं.

बाराच्या बारा नावं पडली होती. माणसं किती? चार. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं सगळ्यांनी नावं टाकून जागा धरली आणि निवांत नाश्त्याला गेले. नाव आहे म्हणजे जागा आहे, मग घाई कशाला! दोन माणसं खरोखर दारात आली, त्यांना यास्मिननं खिडकीतून ओरडून सांगितलं, “फुल आहे!” ती बिचारी आल्या पावली परत गेली. रिकामी जीप, आणि फुल!

चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. “बाई, बसलेला माणूस म्हणजे माणूस. रुमाल म्हणजे माणूस नाही. मी रुमाल घेऊन दाभोशाला जाऊ?”

मला हसूही आलं आणि रडूही. तक्ता पुसून टाकला.

बुध. २८ जाने.

आज चाचांनी स्वतःच डोकं चालवलं. यास्मिनला मेसेज टाकायला लावला, दहा बसले, दोन बाकी, लवकर या. सगळे पळत आले. सिस्टरनं चहा अर्धा टाकला, तोंड भाजलं म्हणे. बघतात तर तीन माणसं.

काय तो तमाशा! भाऊसाहेब म्हणाले, ही फसवणूक आहे. चाचा म्हणाले, बसलात ना आता, मग निघतो, फसवणूक कसली? पोरं म्हणाली, उद्यापासून आम्ही मोटारसायकलीनंच जातो. यास्मिन दुकानाच्या दारात उभी, रडवेली. “अब्बा, माझं नाव खराब केलंत तुम्ही. मेसेज मी टाकते, सगळे मला विचारतात.”

गाडी आज लवकर सुटली हे खरं. पण उद्या ‘दहा बसले’ वर कोण विश्वास ठेवणार?

शुक्र. ३० जाने.

काल कोणी आलंच नाही. मेसेज खरा होता तरी. आज तेच. काशीबाय एकटी बसून होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले, बऱ्याच दिवसांनी. पुस्तक काढलं. तिनं बघितलं नाही.

मग हळूहळू बोलली. गेल्या आठवड्यात, गाडी अकराला सुटली त्या गुरुवारी, घरी पोचायला फार उशीर झाला. नवऱ्याला भूक निघाली नाही. खाटेवरून खाली उतरला, एका हातानं सरकत चुलीपाशी गेला, पेजेचं मडकं ओढायला. निखाऱ्यात हात पडला.

“मी गेली तवा तो गपच पडलेला. बोंब पन नाय मारली. म्हनाला, तुला यायला वेळ झाला.”

बघायला सिस्टर गेली होती का विचारलं. गेली, मलम दिलं. सिस्टर! तीच, जी टपरीवर उभी होती. आणि मी पंख्याखाली.

काशीबाय मला काही बोलली नाही. तिला मेसेजचं काही ठाऊकच नाही. माणसं हल्ली उशिरा येतात, एवढंच तिला दिसतं. मी सांगितलं नाही. धीर झाला नाही. जीव तुटतोय. मी जो सकाळी चहा बसून प्यायले, तो वेळ कुठून आला? माझ्या हातात वाचला आणि तिच्या चुलीवर जळला. आधी आम्ही सगळेच थोडं थोडं थांबायचो. आता ज्यांच्याकडे मोबाइल नाही तीच माणसं सगळ्यांचं थांबणं थांबतात.

रवि. १ फेब्रु.

यास्मिन घरी आली. आली तीच खाली मान घालून. रस्त्याच्या कामाचा एक ठेकेदार आहे, त्याला मजूर न्यायला महिन्याच्या बोलीवर गाडी हवीय, मोखाड्याच्या पुढे. भरली काय, रिकामी काय, ठरलेलं भाडं. शुक्रवारी संध्याकाळी तो माणूस येणार. चाचा हो म्हणणार आहेत.

“अब्बा म्हणतात, दाभोशाला रोज डिझेल जाळतो आणि शिव्या खातो. आठवडाभर बघतो म्हणाले. शुक्रवारपर्यंत गाडी पहिल्यासारखी वेळेत सुटायला लागली तर ठेवतो, नाहीतर सोमवारपासून तिकडे.”

चाचांची गाडी गेली तर दुसरी नाही. विचारून बघितलं तिघांना, त्या रस्त्याचं नाव काढलं की टायर दाखवतात. म्हणजे मला बदली मागावी लागणार. हे तर कधीचे म्हणतायत, जव्हारातच घे, सुख आहे. पहिलीची पोरं कुठे आता तोंड उघडायला लागलीत. मी बदली घेईन, सिस्टर घेईल, भाऊसाहेब तर आनंदानं घेतील. काशीबाय काय घेईल? भाजी डोक्यावर घेऊन घाट चढेल? धंदा गेला तर दोघांनी खायचं काय?

मंगळ. ३ फेब्रु.

आज एक केलं. चांगलं केलं असं सकाळी वाटत होतं.

आकडे बंद म्हटलं. आकड्यानं कुणाला काही होत नाही. यास्मिनला मजकूर लिहून दिला, “काशीबाय कधीची जीपमध्ये बसली आहे. तिचा नवरा अंथरुणाला आहे, हात भाजलाय. तिला वेळेत घरी जायचंय. या.” यास्मिन थबकली. “टाकू?” म्हटलं, टाक.

दहा मिनिटांत जीप भरली! सिस्टर, गुरुजी, मोटारसायकलवाली पोरंसुद्धा. सगळे येऊन बसले. चाचांनी विडी अर्धी असतानाच विझवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त कळत नसतं कोण थांबलंय.

रस्त्यात भाऊसाहेबांनी काशीबायच्या टोपलीत बिस्किटांचा पुडा टाकला. कोणीतरी नोट सरकवली. कोणी विचारलं, हात कसा आहे त्याचा? ती खिडकीबाहेर बघत राहिली.

बुध. ४ फेब्रु.

काशीबाय जीपमध्ये नव्हती. स्टँडच्या कडेला उभी होती. हाक मारली तर आली, टोपलीतून पुडा आणि नोट काढून माझ्या हातात दिली.

“तू सांगलास सगळ्यांना.”

“अगं, गाडी भरावी म्हणून…”

“माझा घो घरात पडलाय, तो माझे घरात. मी भाजी विकतां, भीक नाय मांगत. त्याला कळला त तो जेवनार नाय माझे हातचा.”

मी काहीबाही बोलत होते, ऐकायला ती थांबली नाही. एक दगडाचा ट्रक त्या बाजूला जात होता, त्याला हात केला आणि चढली. या वयात, टोपली धरून, ट्रकच्या मागे.

नोट ज्याची त्याला शोधून दिली, पुडा भाऊसाहेबांना परत द्यावा लागला. त्यांनाही लागलं असणार. बारा माणसं जमायला पुन्हा तेवढाच उशीर.

तिला न विचारता केलं. ती शेजारी बसली होती, हाताच्या अंतरावर, आणि मी उठून समोरच्या दुकानात जाऊन जगाला सांगितलं. विचारायला काय झालं होतं मला?

गुरु. ५ फेब्रु.

आजही ती ट्रकनं गेली म्हणे.

यास्मिन म्हणाली, “मॅडम, ग्रुपच बंद करून टाकते. एक बटण दाबायचं.”

म्हटलं, कर. मग तीच म्हणाली, “पण फरक काय पडणार? मेसेज नसला तरी आता सगळे टपरीवरच उभे राहणार. सवय लागली. टपरीवरून जीप दिसते की.”

पोरीचं खरं आहे. पूर्वी आम्ही येऊन बसायचो कारण दुसरं काही सुचतच नव्हतं. आता सुचलंय, ते परत कसं विसरायचं?

यांच्याशी बोलले. नेहमीची थट्टा केली नाही यांनी. बदलीच्या अर्जाचा विषय काढला, मी उद्या बघू म्हटलं. मग म्हणाले, “पूर्वी पहिलं कोण बसायचं गं?”

“काशीबाय.”

“का?”

“तिला घाई असायची म्हणून.”

“घाई असणारा पहिला बसायचा?”

मी भांडी घासायला उठले. पण तेव्हापासून तेच डोक्यात. ती बसलेली दिसायची म्हणून दुसरी बाई बसायची, दोघी दिसायच्या म्हणून मी. आमच्यापैकी कुणाला तरी रिकाम्या गाडीत जाऊन बसावं लागणार आहे, आणि ते काम कुठलंही सॉफ्टवेअर करत नाही. यादीत लिहिलं, “उद्या पहिली बसणे.” यावर आधीच काट मारता आली नाही.

शुक्र. ६ फेब्रु.

जीपमध्ये बसून लिहितेय. अक्षर बघून कळेलच.

आज ठेकेदार यायचा. भाकऱ्या करून ठेवल्या, कपडे तसेच राहिले, चहा नाही. स्टँडवर आले तेव्हा चाचा नुकतेच पहाटेची फेरी करून आलेले, काच पुसत होते. रिकाम्या गाडीत चढून बसले. चाचांनी फडकं थांबवून बघितलं. “टीचरबाई, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“आज वेळ लागेल.”

“लागू दे.”

यास्मिननं दुकान उघडलं तसं तिला खिडकीतून सांगितलं काय टाकायचं ते. “शैलाबाई जीपमध्ये बसल्या आहेत. गाडी भरेपर्यंत उतरणार नाहीत.” एवढंच. माझं नाव, माझं थांबणं. त्यात दुसऱ्या कुणाचं काही नाही.

टपरीवर हळूहळू नेहमीची मंडळी जमतायत. सिस्टरनं मेसेज वाचला, माझ्याकडे बघून हात हलवला, मीही हलवला. ती जागची हलली नाही. पवार गुरुजी पान लावून घेतायत. एक पोरगा ओरडला, “बाई, किती झाले?” म्हटलं, येऊन मोज! हसले सगळे. कोणी आलं नाही. ऊन पायावर आलंय. पुस्तक काढलंय, वाचवत नाही. इतक्या माणसांनी आपल्याकडे बघत असताना एकटीनं बसायचं म्हणजे काय असतं, ते आज कळतंय. लाज वाटते. कसली वाटते कोण जाणे, पण वाटते.

मधेच लिहिणं थांबलं. काशीबाय आली.

ट्रक मिळाला नाही म्हणून, की मला एकटी बसलेली बघून आली, माहीत नाही. टोपली घेऊन दारात उभी राहिली. गाडीत बघितलं, टपरीवर बघितलं, परत माझ्याकडे.

“एकटीच?”

“एकटीच.”

“कवाधरना?”

“तुझी भाजी वाटून व्हायच्या आधीपासून.”

टोपली आत टाकली. “सरक.”

सरकले. यास्मिननं समोरून हाक मारली, “मॅडम, दोन टाकू का? नाव टाकू?” मी लगेच तोंड उघडलं होतं, मिटलं. काशीबायला सगळं सांगितलं. मोबाइल, मेसेज, कुणाकुणाला जातो, परवा काय लिहिलं होतं, सगळं. ती ऐकत होती, पदराची गाठ सोडत, बांधत. मग विचारलं, “तुझं नाव टाकू का आज? नको म्हणालीस तर नाही टाकणार.”

तिनं मान वर केली. टपरीवरच्या माणसांकडे बघत होती, एकेकाकडे.

“माझा टाक,” म्हणाली. “त्याचा नको.”

यास्मिनला सांगितलं. आत्ता टपरीवर मोबाइल वाजले, एकामागून एक. सिस्टर वाचतेय. भाऊसाहेबांनी पेपर खाली केलाय. चाचांनी घड्याळ बघितलं आणि नवी विडी पेटवली.

वही ठेवते. काशीबाय कोपरानं ढोसून पुस्तकातल्या कुठल्यातरी चित्रावर बोट ठेवतेय.